सतराव्या फ्रेममधला माणूस

मी, शेवटी सही करणारा, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, धंदा फोटोंना फ्रेम करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. पण त्यांनी माझ्याकडून तीन कागदांवर सह्या घेतल्या, तेव्हा चौथा कागद आपल्या मनाने लिहावा असे मला वाटले. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट बायको म्हणते, "असलं काही लिहू नका, अभद्र वाटतं." तिला म्हटले, छत्री घेऊन निघालं की पाऊस येत नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व पोटमाळा, माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात पत्नीचे. बँकेतली शिल्लक पत्नी व मुलगी यांना सारखी. या दोघींत भांडण होणार नाही हे मला माहीत आहे; दोघी मिळून माझ्याशीच भांडत आल्या.

कलम दोन. दुकान मुलीला. तिने ते चालवलेच पाहिजे असे नाही. विकायचे ठरले तर आधी पाटी उतरवावी. माझ्या पाटीखाली दुसऱ्याचे काम नको. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याचे कामही मी तिच्यावरच सोपवतो.

कलम तीन. काच कापायची हिरकणी, पकडी, हातोड्या आणि लांब टेबल माझ्याकडे वीस वर्षे असलेल्या काचवाल्याला द्यावे. त्याला एका कानाने ऐकू येत नाही, पण काच तडकणार हे त्याला माझ्या आधी कळते. अट एकच. काच कापताना त्याने गाऊ नये. आजवर फुटलेल्या मोठ्या काचा बहुतेक कडव्याच्या शेवटी फुटल्या आहेत.

कलम चार. धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वी माझे कोन कापायचे मशीन चार दिवसांसाठी म्हणून नेले आणि चौदा महिन्यांनी परत आणले. पात्याचा टवका उडालेला होता. विचारले तर म्हणाला, "दादा, ते आधीपासूनच तसं होतं." ते तसे नव्हते. वर चार माणसांत बोलला, "आमचा दादा मेलेल्यांची सरबराई करतो आणि जिवंत भावाला एका पात्यासाठी बोल लावतो." तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. गावच्या घरातला माझा अर्धा हिस्सा मी त्याला देतो. ते पातेही त्यालाच देतो. कागदात गुंडाळून ठेवले आहे. दोन्ही एकदमच घ्यायचे, आणि त्याच्या वहिनीच्या हातून.

कलम पाच. वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यांचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता. धंदा शिकल्यावर पहिली मनासारखी फ्रेम मी त्यांच्यासाठी केली, कुणाकडे एखादा फोटो निघाला तर असावी म्हणून. तीस वर्षे ती दुकानात रिकामी टांगलेली आहे. गिऱ्हाईक विचारते, "ही देणार का?" मी म्हणतो, "दिलेली आहे." ती मुलीने ठेवावी.

कलम सहा. बारा वर्षांपूर्वी इथल्या पलटणीने स्मृतिदालन उभारायचे ठरवले. दोन युद्धांत कामी आलेले पलटणीचे एकतीस अधिकारी, म्हणून एकतीस फ्रेमा. काम मला मिळाले. कार्यालयाने बावीस फोटो दिले. बाकी नऊ जणांची नुसती नावे आणि तारखा. तिथले कारकून म्हणाले, "नाही मिळत ते सोडून द्या. फुलाचं चित्र लावा." मला ते पटले नाही. आमचे गुरुजी हजेरी घेताना गैरहजर मुलाचेही नाव तितक्याच मोठ्याने घेत. मी पत्रे लिहायला लागलो. शाळांना, वसतिगृहांना, जुन्या पत्त्यांवर. दुकान बंद असेल त्या दिवशी बसने जायचो. बायको म्हणायची, "मेलेल्यांच्या घरी बसनं जाता, आणि माझ्या जिवंत आईकडे चला म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात." तिचे खरे होते. एका आईने फोटो द्यायला वर्ष लावले. देताना म्हणाली, "कोपराला ठिगळ आहे ते पुसू नकोस. मी लावलंय." पुसले नाही.

असे नऊच्या नऊ फोटो मिळाले. त्या सगळ्या पत्रव्यवहाराच्या चार फायली पलटणीच्या कार्यालयाला द्याव्यात. रोज सकाळी देवापुढे बसलो की शेवटी मी ती एकतीस नावे म्हणतो. मुलीला पाठ असतील. भिंत पातळ आहे. तिला जमेल त्या दिवशी तिने म्हणावीत.

कलम सात. हे मृत्युपत्र मी मुख्यतः या कलमासाठी लिहीत आहे.

वरच्या ओळीतली सतरावी फ्रेम ज्या अधिकाऱ्याची आहे, त्याला आईवडील नव्हते, लग्न झाले नव्हते, सांभाळणारी मावशीही वारली होती. त्याचा फोटो सगळ्यांत शेवटी मिळाला, एका विधवा बाईंच्या पेटीत: प्रशिक्षणाच्या वेळचा, नऊ जण खुर्च्यांवर ओळीने बसलेले. पाठीमागे शाईने लिहिले होते, 'उजवीकडून', आणि खाली नऊ नावे. माझा माणूस तिसरा. मी फोटो समोर धरला, माझ्या उजवीकडून तीन मोजले, तो चेहरा मोठा करून घेतला आणि लावला. ज्याने नावे लिहिली तो त्या ओळीत बसलेला होता आणि त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडून मोजले होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी धरला तो माणूस यादीत सातवा होता.

पाच वर्षे कुणाला कळले नाही. चार वर्षांपूर्वी स्मृतिदिनाला पलटणीचे एक निवृत्त कॅप्टन दालन पाहायला आले. बाकीचे चहाला गेले होते. ते काठी टेकून सतराव्या फ्रेमखाली बराच वेळ उभे राहिले.

"फ्रेम कुणाची?"

"माझीच, साहेब."

"काम चांगलं आहे. माणूस तेवढा चुकलाय."

"म्हणजे?"

"हा मी आहे."

मला वाटले थट्टा करतात. त्यांनी टोपी काढली. डाव्या भुवईवरची खूण वर फोटोत होती, तीच खाली होती.

"दरवर्षी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो मी," ते म्हणाले. "आणि इथे येऊन बघतो तर जाऊन पन्नास वर्षं झालीत. बँकेला कळवू नकोस म्हणजे झालं."

मी म्हटले, आज संध्याकाळीच बदलतो. त्यांनी माझी बाही धरली.

"थांब. त्या दिवशी टेहळणीची पाळी माझी होती. मला ताप होता. तो म्हणाला, तू पड, मी जाऊन येतो. एवढंच बोलला. ती जागा माझीच आहे रे. मी आहे तोवर राहू दे."

म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरलेले पाहून मी हो म्हटले. पहिली चूक नजरेची होती; ही दुसरी मी समजून उमजून केली. शाळेची मुले रांगेने येतात, त्या फ्रेमखालचे नाव वाचतात आणि दुसऱ्याच चेहऱ्याला नमस्कार करतात. रोज सकाळी सतरावे नाव घेताना माझ्यासमोर कोणता चेहरा आणावा हे मला कळत नाही.

खरा फोटो मी त्याच वेळी तयार केला आणि त्याच फ्रेममध्ये, पहिल्या फोटोच्या मागे ठेवला. ओळीतले आठ जण कॅमेऱ्याकडे पाहतात. हा एकटा बाजूला बघून हसतो आहे. कॅप्टनसाहेब हयात आहेत तोवर फ्रेमला हात लावू नये. त्यांच्या पश्चात मुलीने दालनात जाऊन ती उतरवावी. पाठीचा कागद ओला करून सोलावा, ठोकलेल्या चार चुका पकडीने सरळ ओढाव्यात, पुढचा फोटो काढून मागचा पुढे घ्यावा. काचेला आतून बोट लावू नये. पलटणीला माझ्या नावाने लेखी कळवावे की चूक फ्रेमवाल्याची होती, त्यात कारकुनांचा दोष नाही.

कलम आठ. माझे दिवस कमी खर्चात करावेत. माझा फोटो लावायचाच झाला तर दुकानाच्या परवान्यावरचा लावावा. तो माझाच आहे, मी खात्री केली आहे.

सही करण्यापूर्वी घातलेली भर.

साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंप्यांना आणि कॅप्टनसाहेबांना बोलावले. साहेबांना म्हटले, फक्त सही लागते, वाचायची गरज नाही. ते म्हणाले, "न वाचता सही केली ती एकदाच, लग्नात." सगळे वाचले. कलम सात दोनदा वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे तो माझ्याच पाठीमागे उभा आहे, चार वर्षं?"

"हो, साहेब."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही राहू दे म्हणालात."

शिंपीकाका उठून दाराशी गेले. मग साहेब म्हणाले, "त्या दिवशी तो पुढे गेला आणि मी मागे झोपलो. आणि भिंतीवर मी पुढे. दालन किती वाजता उघडतं?"

"दहाला."

"उद्या जाऊ. तू चढ, शिडी मी धरतो."

बायको आतून पाणी घेऊन आली होती. म्हणाली, "एकाचं मंगळवारी ऑपरेशन, एकाच्या हातात काठी. तुम्ही दोघं खाली उभं राहून भांडा. शिडीवर मी चढते."

त्यामुळे कलम सातमधील थांबण्याची अट मी रद्द केली आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे. पलटणीला पत्र मी आजच लिहिले.

निघालेल्या फोटोचे काय करावे असे मी विचारले. साहेब म्हणाले की तरुणपणीचा त्यांचा एकही फोटो घरी नाही. म्हणून कलम पाचमधली रिकामी फ्रेमही खोडली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले होते. तेव्हा ती सह्या होण्याआधीच हातोहात दिली.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिवस शुक्रवार, महिन्याची नऊ तारीख, संध्याकाळचे पाच.

लिहून ठेवणार: फ्रेमवाला. सही.

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. काही वाचले नाही, पेन छान आहे म्हणाले. सही.

साक्षीदार दुसरे: निवृत्त कॅप्टन. सही, आणि तिच्यापुढे कोणी न सांगता त्यांनी लिहिलेला एक शब्द: हयात.