बाबा आणि मनोऱ्याचा जिना

दि. ४ मे

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. विषय असा नाजूक आहे की कालपासून मसुदे फाडते आहे.

बाबा घड्याळदुरुस्तीच्या स्टुलावर दिवसचे दिवस बसून असतात, हे आपण जाणताच. आता त्यांना हाताच्या आधारावाचून उठवत नाही. गावच्या मनोऱ्यावरील घड्याळाला चावी द्यायला जिना चढणे सुटले आणि ते बंद पडले. सप्टेंबरपर्यंत बाबा वर गेले नाहीत, तर ते काम दुसऱ्याकडे जाईल. जाऊ दे, असे ते हसून म्हणतात; पण जेवताना खिडकीतून त्या थांबलेल्या काट्यांकडेच पाहतात.

डॉक्टरांच्या मते सांधे उत्तम आहेत. केवळ कमरेखालचा, बसण्याच्या कामी येणारा जो प्रदेश, तेथील स्नायू दुबळे झाले आहेत. मी पुस्तके चाळून एकोणीस व्यायाम निवडले. बाबा ते सर्व रोज करतात आणि फक्त दमतात. आपण मुलींना वजन उचलायला शिकवता, म्हणून विचारते, यांतले कोणते ठेवू?

लहान तोंडी घेतलेला हा घास पोटात घालावा.
आपली आज्ञाधारक भाची
(वेळ सकाळी दहाची असावी, मनोरा सांगत नाही.)


दि. ११ मे

चि. पंडितबाईस,
अ. उ. आ.

आपण, आपण काय लावलंस? मी तुझी आत्या आहे, परीक्षक नव्हे. आणि त्या प्रदेशाला नितंब म्हणतात. माझ्या मुली सरळ कुल्ले म्हणतात. एकीवरही अजून वीज पडलेली नाही.

एकोणीस म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. तीनच ठेव. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची आणि वर नितंब आवळून क्षणभर थांबायचं. खुर्चीतून हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. आणि पायरीवर एक पाय ठेवून त्याच टाचेवर जोर देत चढायचं. जिन्यासाठी हाच खरा. एक दिवस आड कर. सोपं वाटलं की वजन वाढव, नाहीतर स्नायू कशाला वाढेल? पाठीत कळ आली तर थांबायचं.

दादा लहानपणापासून लबाड आहे. लक्ष ठेव.

तुझी आत्या


दि. ३० ऑगस्ट

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेने ‘तू’ असे लिहिते आहे. याही वेळी दोन मसुदे फाडले.

लबाडी पकडली. बाबा मागच्या पायाने हळूच उडी मारत आणि उसासा मात्र पुढच्या पायाचा टाकत. मागचा चवडा उचलायला लावला, तर पहिल्याच पायरीवर अडले आणि रुसले. पुढच्या खेपेला मात्र आपणहून पायरीपाशी आले. स्प्रिंगला एकदम चावी दिली तर तुटते, थोडी थोडी द्यावी, असे पुटपुटत. कंबर उचलताना वजन म्हणून मी तिच्यावर शब्दकोशाचा एक खंड ठेवला, मग दोन, मग तीन. माझ्या विद्येचा घराला प्रथमच उपयोग झाला, असे आई म्हणाली.

आज सकाळी बाबा किल्ली घेऊन निघाले. मला खालीच थांबवले. मी पावले ऐकत होते; मध्येच ती थांबली. फार वेळ गेला. मग पुन्हा वाजू लागली. बाबा उतरले तेव्हा त्यांच्या हातांना वंगण लागले होते. जिन्याच्या कठड्याची धूळ मात्र नव्हती.

त्यांचे नितंब (लिहिले एकदाचे) झकास आहेत. लोभही वजनासारखा थोडा थोडा वाढवत न्यावा.

तुझी भाची
पत्र पेटीत टाकताना : दि. ३० ऑगस्ट, सकाळी ठीक दहा. मनोऱ्याने आत्ताच ठोके दिले.