दारात अडलेला पाळणा

१२ जुलै
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
करवतीचा आवाज थांबला असेल तर हे नीट वाच. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला मुंगी म्हणतात. कडेवर सदा धाकटा भाऊ. आई शाळेसमोरच्या शेडमध्ये बाटल्या धुते. तिथे पायाखाली काचा, म्हणून बाळ मुंगीकडे. हेडमास्तर म्हणाले, ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे. आई म्हणाली, मग पोरगी घरीच राहील. आठवडा झाला, ती आली नाही. नुकती कुठे अडखळत का होईना, वाचायला लागली होती. मला चैन पडत नाही.

खूप हुज्जत घातल्यावर हेडमास्तर एवढ्यावर आले की बाळ रडलं नाही तर चालेल. तेव्हा एक पाळणा कर. दोरी लांब लाव, म्हणजे एका हाताने ती झोका देईल आणि दुसऱ्याने लिहील.
तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
ताई

२० जुलै
ती. ताईस, शि. सा. न.
पाळणा टेम्पोतून पाठवला आहे. असा भक्कम केलाय की त्या बाळाची नातवंडंही झोपतील. माप विचारायला वेळ नव्हता, पण शाळेचं दार म्हणजे मोठंच असणार. तुझी भावजय टोमणे मारते की जगाला पाळणे मिळतात आणि घरच्या कपाटाला अजून दार नाही. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, माझ्याकडे असू दे.
तुझा धाकटा

२६ जुलै
चि. धाकट्यास, आशीर्वाद, पण आज थोडे कमीच.
शहाण्या, हा वर्ग म्हणजे पूर्वीची सामानाची खोली. पाळणा दारात अडकला तो अडकलाच. शेवटी व्हरांड्यात ठेवला. हेडमास्तर हसले, मला रडू आलं. मुंगी आली आहे, पण दोरी धरून उंबऱ्यावर बसते. धड आत ना बाहेर. तिथून फळा दिसत नाही. अशाने ती पुन्हा जाईल.
ताई

३१ जुलै
ती. ताईस, शि. सा. न.
माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. रविवारी करवत घेऊन येतो, पाळणा कापून लहान करतो. तोवर राग आवर.
धाकटा

४ ऑगस्ट
चि. धाकट्यास, अ. उ. आ., मागचे राहिलेलेही.
रविवारी ये, पण करवत आणू नकोस. व्हरांडा शेडमधून समोरच दिसतो. मंगळवारी बाळ रडलं ते आईला तिकडे ऐकू आलं. ओल्या हातांनीच रस्ता ओलांडून आली, मुंगीच्या हातातली दोरी घेतली आणि तिला आत जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेडमधली दुसरी बाई आली. आता त्यांनी पाळ्या लावल्या आहेत. मुकादम कुरकुरतो, पण बाटल्या धुतल्या जातात.

मुंगी पहिल्या बाकावर बसते. काल तिने अख्खा धडा वाचला, इतक्या मोठ्याने की बाहेर आईचा हात थांबला आणि बाळ रडायला लागलं. माझा ऊर भरून आला आणि लाजही वाटली. पाळणा आत आला असता तर दोरी त्या पोरीच्याच हातात राहिली असती, आणि ती लांब लाव असं मीच तुला लिहिलं होतं.

आता एक उंच बाक कर, व्हरांड्यात वर्गाच्या खिडकीशी ठेवायला. मुंगीच्या आईने विचारलंय, झोका देता देता फळा दिसेल असं कुठे बसता येईल.

मापात चुकलास तरी मायेत चुकू नकोस.
तुझी ताई