डिप्रेशनचं ऑइल

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. मोठी झाल्यावर लिहितात की लिहून मोठी होतात, ते कळेलच.

ऑफिसची नोकरी सोडून एक हिवाळा उलटला. सध्या बायकोच्या नर्सरीत मी ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे. नेमणूक माझी मीच केली, पण कोणी हरकत घेतलेली नाही. विभागात एक पिकअप आणि एक मी. पिकअप बायको चालवते.

चार-पाच दिवसांपासून गाडीतून मागून आवाज येतोय. चाळीसच्या वर गेलं की हूंऽऽऽ. बायको म्हणते वारा असेल. तिला मेकॅनिकल कान नाही. मला आहे.

लिहायचं टेबल आता डुगडुगत नाही. गेल्या आठवड्यात गाडीतल्या पाण्याच्या कॅनचं बूच काढून त्याच्या पायाखाली सारलं. जिथे जे हवं तिथे ते लावणं, हा माझा स्वभावच आहे.

४ मार्च, मंगळवार

निदान झालं. डिफरन्शियल! मागच्या चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा लोखंडी गोळा असतो. त्यात दातेरी चक्रं, आणि ती बुडतील इतकं जाड ऑइल. ते म्हातारं झालं की हूंऽऽऽ. व्हिडिओतला माणूस म्हणाला, कोणीही बदलू शकतं. म्हणजे माझ्यासारख्याला तर काहीच नाही.

संकल्प: ऑइल स्वतः बदलायचं. गुपचूप. मागच्या वेळी मी वायपर दुरुस्त केल्यापासून ते हॉर्न वाजवल्यावरच फिरतात, आणि बायकोनं मला गाडीला हात लावायची बंदी केली आहे. कौतुक करण्याची ज्याची त्याची पद्धत.

शनिवारी, १५ला, मोठी ऑर्डर. नव्या ऑफिसच्या इमारतीत शंभर कुंड्या. गाडी वाटेत बसली तर ऑर्डर गेली. शिवाय मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, टपूनच बसलाय. ताई, गाडीचं मी बघतो, भावोजींना आराम करू दे, असं तो परवा म्हणाला. आराम! गाडी गेली तर माझ्याकडे उरतं काय? पाण्याचा पाइप गुंडाळणं.

५ मार्च, बुधवार

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. डिफरन्शियल ऑइल मागितलं. दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, डिप्रेशन ऑइल का? लाइनमध्ये तसंच म्हणतात म्हणे. आपणही तसंच म्हणायचं, म्हणजे लाइनमधले वाटतो.

कुठलं हवं, विचारलं. ऐंशी-नव्वद की पंच्याऐंशी-एकशेचाळीस? मी क्षणात ओळखलं. परीक्षेचे मार्क. एकशेचाळीस घेतलं.

७ मार्च, शुक्रवार

गाडीचं पुस्तक सापडलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, ऐंशी-नव्वद. आकडा म्हणजे जाडी, मार्क नव्हेत. पुस्तक चुकीच्या जागी ठेवणाऱ्याची ही चूक. (पुस्तक माझ्या उशीखाली होतं. पण तिथे ठेवायला मला कोणी सांगितलं होतं का?)

डबा परत करायला गेलो. म्हटलं, दोन्ही अर्धं अर्धं मिसळलं तर? दुकानदार म्हणाला, साहेब, हे आइस्क्रीम नाही. ऐंशी-नव्वद घेऊन आलो. वाटाघाटी मीच जिंकलो, कारण पिशवी फुकट मिळाली.

८ मार्च, शनिवार

सासूबाई ऑर्डरच्या गडबडीत मदतीला आल्या आहेत.

दुकानदाराला फोन लावला. रेंज नव्हती म्हणून जरा ओरडूनच बोललो. म्हटलं, डिप्रेशनचंच आहे हो. बरंच जुनं. आजवर कोणी लक्षच दिलं नाही. नाही, घरात कोणाला कल्पना नाही. मी एकटाच निस्तरणार आहे.

फोन ठेवून वळलो तर दारात सासूबाई. हातात पातेलं, डोळे मोठे. जावयाला इतकं मेकॅनिकल येतं, हे त्यांना ठाऊक नसणार.

९ मार्च, रविवार

आश्चर्य! सकाळी चहा अंथरुणात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. बायको बाजूला बसून म्हणाली की, तुम्हाला काही बोलावंसं वाटलं तर बोला हं. मी गूढ हसलो. सरप्राइज फोडायचं नसतं.

मेहुणा आला. एरवी येतो तो मला काही तरी शिकवायला. आज खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, भावोजी, तुम्ही एकटे नाही आहात. शरणागती पत्करली बिचाऱ्यानं.

दुपारी शेडमागे गाडीखाली झोपून डिफरन्शियलची पाहणी केली. बायको शोधत आली. इथे काय करताय म्हणाली. म्हटलं, इथे शांत वाटतं. ती आत गेली. येताना उशी घेऊन आली.

११ मार्च, मंगळवार

काम फत्ते! म्हणजे अर्धं.

सगळे रोपांना पाणी घालत असताना गाडीखाली शिरलो. खालचा बोल्ट काढला. भसकन काळं ऑइल आलं. टब मी आधीच सरकवून ठेवला होता. बरंचसं टबात पडलं. उरलेलं माझ्या शर्टावर, कानात आणि थोडं चवीला. खालचा बोल्ट परत लावला. आता वरचा बोल्ट काढायचा आणि नवं ऑइल भरायचं.

वरचा बोल्ट उघडत नाही.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. तो माणूस म्हणतो, आधी वरचा बोल्ट उघडतोय याची खात्री करा, मगच खालचा काढा. ही गोष्ट सुरुवातीला सांगायला नको? (सुरुवातीलाच सांगितली आहे. पण सुरुवात मी पुढे ढकलतो. तिथे नेहमी जाहिरात असते.)

या ऑइलला नासक्या अंड्यांसारखा वास येतो. रात्री जेवताना बायकोनं हळूच विचारलं, रोज आंघोळ होते ना तुमची? म्हटलं, आता कशाला आंघोळ, सगळं मिटलं की एकदमच करू. सासूबाई पदर डोळ्यांना लावून उठल्या. वासानं डोळे चुरचुरले असतील.

त्यांचा पाय शेकायचा टब सापडत नाहीये. सगळं घर शोधतंय. मीही शोधू लागलो.

१२ मार्च, बुधवार

बोल्ट जैसे थे. जोर लावला की आणखीच घट्ट होतोय असं वाटतं. भास असेल.

सासूबाईंनी डोक्याला तेल चोळून दिलं. म्हणाल्या, जावईबापू, हे लावा, डोक्यातलं सगळं हलकं होईल. कारागिराची कदर करावी तर जुन्या माणसांनी. ग्रेड विचारली. त्या म्हणाल्या, आमच्या वडिलांच्या वेळचं आहे. म्हणजे मिनरल. सिंथेटिक नव्हे.

१३ मार्च, गुरुवार

बायको मला रिक्षानं तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे घेऊन गेली. ऑफिस छोटंसं, दोन मऊ खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा खोका. काय काम करता, मी विचारलं. म्हणाली, लोकांचं ऐकून घेते. कस्टमर केअर असावं.

बायको बाहेर बसली. मैत्रीण म्हणाली, मला सगळं कळलंय, मोकळेपणानं बोला. बरं वाटलं. गाडीच्या विषयात इतका रस असलेलं माणूस घरात एकही नाही.

सुरुवात कशी झाली, तिनं विचारलं. म्हटलं, मागून आवाज यायला लागले. इतरांना येतात का? म्हटलं, बायको म्हणते नुसता वारा आहे. तिनं ते लिहून घेतलं.

मग मी भरभरून बोललो. म्हटलं, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, पण आत काळंकुट्ट साचलेलं असतं. वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. परवा मी सगळं बाहेर काढलं. पण आता नवीन काही आत जातच नाही. भरायचं तोंडच बंद झालंय. शनिवारपर्यंत काही झालं नाही तर सगळा चुराडा.

शनिवारी काय आहे, असं तिनं फार हळू विचारलं. म्हटलं, कुंड्या.

नंतर मूळ तत्त्व समजावलं. वळणावर एक चाक जास्त पळतं, एक कमी. दोघांचं पटवून देतो तो मधला. सगळा भार त्याच्यावर, आणि दिसत मात्र कोणालाच नाही. ती म्हणाली, तो मधला म्हणजे तुम्ही का? मी नम्रपणे म्हटलं, विभागप्रमुख या नात्यानं, हो. टिश्यू तिनंच घेतला.

निघताना म्हणाली, काही दिवस मोठे निर्णय घेऊ नका. म्हणजे पंच्याऐंशी-एकशेचाळीसचा नाद सोडायला हवा. बाई जाणकार आहे.

१४ मार्च, शुक्रवार

बोल्टापुढे हात टेकले. आज हातोडीनं समजावलं, तेल पाजलं, गोडीगुलाबीनं बोललो. ढिम्म.

उद्या सकाळी कुंड्या जाणार. मंगळवारपासून गाडी जागची हललेली नाही म्हणून निभावलं, डिफरन्शियलमध्ये ऑइलचा थेंब नाही. तशीच गाडी पळाली तर दाते घासून भुगा. शिवाय भर रस्त्यात मागची चाकं जाम झाली तर? गाडीत बायको असेल. आणि सासूबाई.

सांगायला हवं. पण सांगितलं की गाडीचं खातं मेहुण्याकडे. आणि सकाळचा चहा? इतकं गोड घर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळे हळू बोलतात. रिमोट माझ्याकडे असतो.

संकल्प: पहाटे उठून बोल्ट काढणारच.

१५ मार्च, शनिवार, सकाळी

आठ वाजता उठलो. कोणी उठवलं नाही. तुम्हाला झोपेची गरज आहे म्हणे.

धावत बाहेर गेलो. शंभर कुंड्या चढलेल्या. बायको स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, मेहुणा मागचं फळकूट लावतोय. गाडी सुरू! मी पायजम्यावर गाडीपुढे जाऊन हात पसरून उभा राहिलो. बायकोनं घाबरून हॉर्न दाबला. वायपर फिरले.

ओरडलो, निघू नकोस! आत काही उरलेलं नाही! सगळं रिकामं आहे! तुम्हाला सगळ्यांना फसवलं मी!

बायको उतरून धावत आली. माझे दोन्ही हात धरले. रडत म्हणाली, खड्ड्यात गेली ती ऑर्डर, मला तुम्ही हवे आहात. मेहुणा म्हणाला, भावोजी, आमचंच चुकलं. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, सोन्यासारखा माणूस हो.

मला भरून आलं. एका डिफरन्शियलसाठी इतका जीव टाकणारी माणसं! मग वाटलं, आता काहीच लपवायचं नाही. शेडमागे गेलो आणि काळ्या ऑइलचा टब दोन्ही हातांनी आणून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, हे बघा. हेच ते डिप्रेशन.

टबात एक पान पडलं.

सासूबाई म्हणाल्या, माझा टब.

१५ मार्च, दुपारी

वरचा बोल्ट मेहुण्यानं काढला. त्याला विशेष वेळ लागला नाही. बोल्ट गोळ्याच्या पुढच्या तोंडाला; मी गाडीच्या मागून झोपून हात घालायचो, तो शिरला बाजूनं. खालून विचारत होता, भावोजी, हा उलटा फिरवून इतका कोणी आवळला? मी म्हटलं, चोरांच्या भीतीनं.

नवं ऑइल भरलं. भोकातून बाहेर यायला लागलं की झालं. कुंड्या उशिरा पण धड पोचल्या. एवढं मात्र झालं, गाडीचा भुगा झाला नाही. तेवढं मी वेळेवर सांगितलं, हे कोणीच बोललं नाही.

मैत्रिणीला बायकोनं फोन केला. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. ऐकून घेण्याचं काम करणाऱ्या बाईला हे शोभत नाही.

१७ मार्च, सोमवार

गाडीचं खातं मेहुण्याकडे. पाइपचं खातं माझ्याकडे.

आवाज तसाच होता. काल सासूबाई गाडीतून जाताना म्हणाल्या, अगं, तो रिकामा कॅन घुमतोय मागे, बूच कुठे गेलं त्याचं? घरी येऊन माझ्या टेबलाखालून बूच काढून नेलं. आवाज बंद. वारा होता म्हणे. मी वाऱ्याची शक्यता कधीच नाकारली नव्हती. टेबल पुन्हा डुगडुगतं, म्हणून अक्षर असं येतंय.

चहा सकाळी स्वतः करून घेतला. रिमोट मेहुण्याकडे. सासूबाई आज परत गेल्या. डोक्याचं तेल घेऊन गेल्या, टब मला ठेवून गेल्या. घरात सगळे पूर्वीसारखे मोठ्यानं बोलतात. माझी चौकशी कोणी करत नाही.

दुपारी पाइप गुंडाळता गुंडाळता खरंच उदास वाटायला लागलं. बायको रोपांना खत घालत होती. जवळ जाऊन म्हटलं, ऐक ना, मला जरा डिप्रेशन आल्यासारखं वाटतंय.

तिनं मान वरही केली नाही. म्हणाली, ऐंशी-नव्वद घाला.