सोळा इंची सुख

रविवार, २ नोव्हेंबर

संग्राम नोकरीसाठी मस्कतला गेला. निघताना गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "पप्पा, आठवड्यातून एकदा चालवा. बाकी काही करू नका." मुलाचा बापावर एवढा विश्वास आजकाल दिसत नाही.

गाडी लाल, बुटकी, भयंकर वेगाची. सुरू केली की आमच्या अख्ख्या जूचंद्र गावातली कुत्री उठून बसतात. चाकं अठरा इंची, आणि त्यांवरचा टायर भाकरीएवढा पातळ.

संकल्प: १४ डिसेंबरला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. दरवर्षी त्या दिवशी आम्ही वसईजवळ पापडीला आग्नेसबाईंकडे जेवायला जातो. शाळेत मी मराठी शिकवायचो, त्या गणित. यंदा आशा माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसून जाईल. पूर्वी सायकलच्या कॅरिअरवर बसायची तशी. वाटेत मी कविता म्हणेन.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सराव म्हणून आशाला नायगाव स्टेशनपर्यंत नेलं. रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या मणक्यात मोजता येत होता. दुसरी कविता सुरू केली तेव्हा मोठा खड्डा आला आणि कडवं राहिलं.

घरी आल्यावर आशा दाराला धरून उतरली. म्हणाली, "अहो, मी या गाडीत परत बसणार नाही. कविता ऐकायची तर घरीच ऐकेन." हे थोडं भावनेच्या भरात म्हणाली असावी. पाठीला बाम लावून झोपली.

सोमवार, १० नोव्हेंबर

कारण सापडलं. चाक मोठं म्हणून टायर पातळ. चाक लहान केलं तर टायर जाड होईल, जाड टायर म्हणजे गादी. मोबाइलवर इंग्रजीतून वाचलं. सोळा इंच पुरे.

यात संग्रामची आज्ञा मोडत नाही. चाक म्हणजे गाडी नव्हे. चप्पल बदलली म्हणून माणूस बदलत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पापडीला फेबियनच्या गॅरेजमध्ये गेलो. माझा जुना विद्यार्थी. सातवीत अख्खी पाठ्यपुस्तकातली कविता एका दमात म्हणायचा. ज्याची जीभ अडखळत नाही त्याचा हातही अडखळत नाही, असा माझा अनुभव आहे.

फेबियन म्हणाला, "होईल ना सर, का नाय होनार." सोळा इंची रिम आणली, बसवून पाहिली. चाक फिरेना. आत ब्रेकचा लोखंडी ठोकळा आहे, तो वेगवान गाडीचा म्हणून दणकट. लहान रिम त्याला अडते. फेबियन जरा वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "स्पेसर टाकू." स्पेसर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. चाकाच्या मागे बसवायची, की चाक बोटभर बाहेर सरकतं.

चाकाला बांगडी. कल्पना मला फार आवडली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बसली. चाक चिखल अडवणाऱ्या पत्र्याच्या किंचित बाहेर डोकावतं. फेबियन म्हणत होता पत्र्याची कड आत वळवून घेऊ, नाहीतर घासेल. मी साफ नकार दिला. संग्रामच्या गाडीला मी हात लावणार नाही.

आशाने नव्या चाकांना हळदकुंकू लावलं, चारही चाकांखाली लिंबू ठेवलं. म्हणजे ती मनातून तयार होते आहे. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही एकटे जाता ना, म्हणून ठेवलं."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चाचणी पहिली. एकटाच. नायगावच्या खाडीपर्यंत. लोण्यासारखी. घासण्याचा मागमूस नाही. दोन ओळी सुचल्या, भुजंगप्रयातात:

नको वेग आता, नको हट्ट कोठे
हळू चाल चाका, पुढे फार खड्डे

खड्ड्याला यमक मिळत नाही. पुढे मिळेल.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चाचणी तिसरी. एकटाच. उत्तम.

जुनी चार चाकं पडवीत एकावर एक ठेवली आहेत. आशाच्या थोरल्या बहिणीने, धोंडूबाईंनी, त्यांवर सूप ठेवून मिरच्या वाळत घातल्या. संध्याकाळी संग्रामचा व्हिडिओ कॉल. म्हणाला, "पप्पा, त्या मिरच्यांखाली काय आहे?" मी म्हणालो, स्टूल. खोटं नाही, त्या वेळी ते स्टूलच होतं.

रविवार, ७ डिसेंबर

आशा तयार झाली. अट घातली: एक जरी दणका बसला तरी तिथल्या तिथे उतरेन. मी मान्य केलं. दणका बसणारच नाही. चाचण्या सहा, सगळ्या निर्दोष.

फेबियनला फोन करून आभार मानले, सातवीतल्या त्या कवितेची आठवण काढली. म्हणाला, "सर, ती व्हिन्सेंट म्हनायचा. मला तर तुमी बेंचवर उभा केलेला." व्हिन्सेंट आता वसईत दातांचा डॉक्टर आहे. असो.

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी

इस्त्रीचा सदरा. सहा कविता मनात उजळून ठेवल्या. आशाने मोतिया साडी नेसली आहे, पुढच्या सीटवर स्वतःहून रुमाल अंथरून आली. आजचा दिवस माझा.

रविवार, १४ डिसेंबर, रात्री

शांतपणे लिहितो.

निघताना आशा म्हणाली, आग्नेसबाईंकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, नवा तांदूळ आलाय. डिकीत पोतं टाकलं. मग लाल भोपळा. मग केळीचा लोंगर. मग धोंडूबाई म्हणाल्या, त्या आग्नेसला मीबी भेटन की, आणि मागच्या सीटवर बसल्या. धोंडूबाई अंगाने भरलेल्या आहेत.

चाचण्यांत मी एकटा होतो. माझं वजन कविता धरूनही पन्नास किलो.

पहिल्या वळणापासून मागून आवाज सुरू झाला. खरर्खर्, खरर्खर्, खरर्खर्, खरर्खर्. मी लगेच ओळखलं, एक लघू आणि दोन गुरू. आशाला म्हणालो, ऐक, चक्क भुजंगप्रयात. धोंडूबाई म्हणाल्या, "आशे, खाली कोन कन्हतंय गो?" मी पहिली कविता मोठ्याने सुरू केली. चाकाने वृत्त सोडलं नाही.

नायगावच्या पुलावर रबर जळल्याचा वास आला. उतरून पाहिलं. मागचं चाक पत्र्याच्या कडेवर घासून टायर कापला गेला होता. आतली दोरी बाहेर आली होती. हळदकुंकू तसंच होतं.

फेबियनला फोन केला. म्हणाला, "सर, भरून नेली काय? गाडी खाली बसली की घासनारच ना. कड वळवू म्हनलं होतं ना मी." त्याचा सूर जरा उद्धट वाटला.

आशाने रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला. रिक्षा थांबली. पोतं पायाशी, भोपळा धोंडूबाईंच्या मांडीवर, लोंगर ड्रायव्हरच्या शेजारी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येताय, की चाकाजवळ थांबताय?"

तिघं कशीबशी मावलो. अर्ध्या वाटेत एक खड्डा आला, तिने माझा दंड धरला आणि तसाच धरून ठेवला. पापडीचं चर्च दिसेपर्यंत. मी कविता म्हटली नाही. आवाजच एवढा होता.

उतरताना तिने विचारलं, "अहो, या रिक्षाची चाकं किती इंची?"

आठ, मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली, "पाठ जरापण दुखली नाही." आणि भोपळा माझ्या हातात दिला.

म्हणजे माझा सिद्धांत मुळात बरोबर होता. आणखी आठ इंच कमी करायला हवे होते एवढंच. संग्रामला मेसेज केला: या आठवड्यात गाडी चालवली. बाकी काही केलं नाही.