तुम्ही दिलेल्या लॅपटॉपच्या आवाजाबद्दल

चिरंजीव जावईबापूंना सासऱ्याचे मनापासून आशीर्वाद.

तुमची तब्येत बरी असेल, आमच्या लेकीचीही असेल. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना दाखवू नका. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे काहीही ठीक नाही. माझं डोकं ठिकाणावर नाही आणि त्याला कारण आपण प्रेमानं पाठवलेला तो लॅपटॉप. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुम्ही "हो बाबा, हो बाबा" म्हणता आणि मागे टीव्हीवर मॅच चालू असते. जावयाला टाकून बोलू नये असं माझ्या आईनं शिकवलंय, म्हणून पत्रभर मी 'आपण' आणि 'तुम्ही' असंच लिहिणार आहे. त्यातला राग तेवढा तुम्ही निवडून घ्या.

लॅपटॉप मला कशाला हवा होता हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण ठाऊक असूनही तुम्ही असला लॅपटॉप पाठवलात. तुमच्या लग्नापासून माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नाही. हॉलमध्ये जेवताना आमची एक चुलत बहीण (जिला आम्ही घरात 'भोंगा' म्हणतो) त्याच्या कानाला लागली की तुझ्या धाकट्याच्या घरचे म्हणत होते, "आले हात हलवत, आता जेवणावर आडवा हात मारतील." 'घरचे' म्हणजे मीच, असं दादानं ठरवून टाकलं आणि तो भरल्या ताटावरून उठला. मी असं बोललो नाही. गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, वहिनीमार्फत सांगितलं, काही उपयोग नाही. दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस, आता पँट दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतो आणि ती घालून मुद्दाम माझ्या दुकानासमोरून जातो. त्या पँटची मागची बाजू बघवत नाही हो. एक पाय पुढे, एक मागे, आणि सीट अशी बसवलेली की माणूस बसला तरी उभाच वाटावा. सख्ख्या भावाचं हे असं ध्यान रोज दुकानासमोरून जाताना बघायचं म्हणजे काय, ते तुम्हाला रेडीमेड घालणाऱ्यांना कळायचं नाही.

तर पुरावा आहे तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या डिस्कमध्ये. तो व्हिडिओवाला स्वतः जेवायला बसला आणि चालू कॅमेरा वाढप्यांच्या टेबलावर ठेवून गेला. त्यामुळे त्या डिस्कमध्ये बराच वेळ टेबलक्लॉथ आणि पाण्याचा जग एवढंच दिसतं, पण लोकांची बोलणी सगळी आली असणार. (तेव्हा आपण त्या व्हिडिओवाल्याला हसलो होतो. मी आता त्याला हसत नाही.) टेबलक्लॉथ दिसताच आम्ही ती डिस्क बंद केली ती पुन्हा कधी लावलीच नाही, पाण्याचा जग बघत कोण बसणार. घरातला प्लेयर तर कधीच मेला. लेक म्हणाली, बाबा, यांचा जुना लॅपटॉप आहे, त्यात डिस्क चालते, गाणी चालतात, व्हिडिओ चालतो, सगळं चालतं. मी वहिनीकडे निरोप धाडला. दादाचं उत्तर आलं, "रविवारी येतो. कानानं ऐकेन. तुझा आवाज नसला तर मी चुकलो म्हणेन. असला, तर तुझी गल्ली सोडली."

आता बघा, माणूस रविवारी येणार आणि आपला लॅपटॉप मुका!

आधी डिस्क घालण्याचंच सांगतो (हात बसावा म्हणून पहिलीच घेतली होती). बाजूचं बटण दाबल्यावर ताटली बाहेर आली, तिच्यात डिस्क नीट बसवली, आत ढकलली. आतून असा आवाज यायला लागला की वाटलं मशीनच्या बॉबिनमध्ये दोरा अडकलाय. मग पडद्यावर आलं, डिस्क नाही. अरे, मी आत्ता घातली ना? पुन्हा काढली, पुसली, पुन्हा घातली. डिस्क नाही. असं करत करत माझी सकाळ गेली आणि गिऱ्हाइकाचा कोट कापायचा राहिला. शेवटी शेजारचा चष्मेवाला आला (त्याच्याकडे डोळे तपासायचा कॉम्प्युटर आहे, म्हणून तो स्वतःला सगळ्या कॉम्प्युटरांचा डॉक्टर समजतो) आणि म्हणाला, मास्तर, उलटी घातलीत. उलटी? मी जन्मभर कापड हाताळलंय. चकचकीत असते ती सुलट बाजू आणि सुलट बाजू वर दिसली पाहिजे, हे मला कोणी शिकवायचं? तर म्हणे यात चकचकीत बाजू खाली आणि छापलेली वर. म्हणजे अस्तर बाहेर आणि कोट आत. हे ज्यानं ठरवलं त्याला माझ्यासमोर आणून उभा करा, त्याचं माप घ्यायचंय.

बरं, मी पडती बाजू घेतली, अस्तर वर ठेवलं. चित्र आलं! तुम्ही घोड्यासारखे हसताय, आमची लेक खाली बघतेय, भटजींचं तोंड हलतंय, बँडवाले गाल फुगवतायत आणि आवाज नाही. एक टिपूस नाही. कोपऱ्यात कर्ण्याचं एक चित्र होतं, त्यावर फुली होती. चष्मेवाल्यानं फुली काढली. आवाज नाही. मग तो म्हणाला, व्हिडिओच्या खाली वेगळी पट्टी असते. ती सरकवली शेवटपर्यंत. आवाज नाही. मग म्हणाला, वरच्या ओळीतल्या बटणांतही आवाज असतो, पण कोपऱ्यातलं दुसरं बटण धरून दाबावं लागतं. तेही दाबलं. एका आवाजाला तीन नळ? आमच्या आख्ख्या बिल्डिंगला एक नळ आहे आणि त्यात कुणाचं अडत नाही. ती बटणं दाबता दाबता काय झालं कोण जाणे, सगळं चित्र डोक्यावर उभं राहिलं. तुम्ही खाली डोकं वर पाय. (खरं सांगतो, मला त्या वेळी जरा बरं वाटलं.) चष्मेवाला लॅपटॉप उलटा धरून बघायला लागला, त्यात ताटली उघडली आणि डिस्क माझ्या पायावर. पुढे आणखी काहीतरी दाबलं गेलं तर पडद्यावर एक म्हातारा आला, केस पिंजारलेले, डोळे लाल, अंगावर धावून येईल असा. मी दचकून मागे झालो तर तोही मागे झाला. कॅमेरा होता तो. आपल्या लॅपटॉपनं मला माझाच राग दाखवायची काय गरज होती?

दोन दिवस हे चाललं. चष्मेवाल्यानं शेवटी हात टेकले, म्हणाला, बहुतेक मशीनच गेलं. मग तुमच्या सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी लॅपटॉपच्या बाजूच्या एका भोकात बघितलं आणि विचारलं, "यात हे काय चमकतंय?" जावईबापू, ते काय होतं सांगू? तुम्ही जे कानाला लावून फिरता ना, त्या वायरीचं मोडलेलं टोक. भोकात तुटून बसलेलं. लॅपटॉप बिचारा समजत होता की कुणीतरी कानाला लावून ऐकतंय, म्हणून आवाज तिकडे पाठवत होता. तुम्ही ते टोक मोडलंत, तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तसाच लॅपटॉप सासऱ्याला दिलात. मी गिऱ्हाइकाला एक टाचणी आत राहिलेला कोट देत नाही. कोट देण्याआधी आतून हात फिरवतो. आपण काय फिरवलंत?

मी बारीक सुईला जरासा चिकट डिंक लावला, सुई टोकाला टेकवली, डिंक वाळू दिला आणि हळूच ओढली. टोक आलं. पण आत डिस्क चालूच होती आणि आम्ही तिन्ही नळ पूर्ण सोडून ठेवले होते हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. तुमच्या लग्नाचा बँड दुकानात असा फुटला की भिंतीवरचा आरसा हलला. आत ट्रायलला गेलेले बँकेचे साहेब एक पाय पँटमध्ये आणि एक बाहेर अशा अवस्थेत थेट रस्त्यावर गेले. ते परत आले, पण कच्च्या टाक्यांची पँट तशीच घेऊन गेले. गिऱ्हाईक गेलं, अब्रू गेली, कान अजून वाजतोय. हे सगळं आपल्या एका मोडक्या टोकापायी. यापुढे मला काही द्यायचं झालं तर नवीन द्या, नाही तर देऊ नका. दुसरी डिस्क आज संध्याकाळी दुकान बंद करून आधी आम्ही दोघंच ऐकणार आहोत. मग बघतो दादा काय म्हणतो ते.

कळावे, रागावलेला असलो तरी
आपला सासरा

ता. क. ते मोडकं टोक पाकिटात घातलंय. ओळखा आणि जपून ठेवा.

ता. क. (संध्याकाळनंतर) डिस्क ऐकली. टेबलक्लॉथ, जग, मग ते वाक्य अगदी स्वच्छ आलं, अक्षर न् अक्षर. आवाज माझा नाही. आवाज तुमच्या सासूबाईंचा आहे. हातशिलाई करत त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, सुई थांबवली आणि म्हणाल्या, "कोण हो ही बाई? जीभ आहे की कात्री? हिच्यापायी दोन भाऊ तुटले." त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला नाही. कुणालाच आपला आवाज ओळखू येत नाही म्हणतात. मी म्हटलं, असेल कुणी पाहुणी, गर्दीत काय कळतं. पण दादा पहिल्या शब्दाला ओळखेल. तिच्या हातचं जेवलाय तो इतकी वर्षं. आणि त्याच्या समोर तिला कळलं, तर ती पुन्हा कुणाला ताट वाढताना मान वर करायची नाही.

म्हणून एक काम होतं. लॅपटॉपचा आवाज पुन्हा कायमचा कसा घालवायचा ते रविवारच्या आत फोन करून सांगा, मॅच बंद करून. दादाला मी सांगणार आहे की मशीन मुकं निघालं, पण मला आता आठवलंय, मीच बोललो होतो. तो चार शिव्या घालेल, गल्ली सोडली म्हणेल. त्याला बसवून ठेवायचं काम वहिनीकडे दिलंय. मी पाया पडेन आणि पँटचं माप घेऊन टाकेन.

लॅपटॉपबद्दल वर जे लिहिलंय त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. आणि हे शेवटचं पान लेकीला वाचून दाखवू नका, तिची आई आहे ती.