लाखेच्या अकरा रेकॉर्ड आणि इराचा ताबा

घडले ते असे:

१. शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, दुपारी चार वाजून दहा मिनिटे, सिंगापूरमधला तोआ पायोहचा आमचा फ्लॅट. मी वडिलांची एक रॉक अँड रोलची रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवत होते.

२. नवरा शिरीष आत आला. "पुन्हा बापाचा धांगडधिंगा?" मी म्हटले, "तीन मिनिटं थांब."

३. त्याने कपाटातली रेकॉर्ड काढून माझ्या डोक्यात घातली. ती मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, विनाइलची. वाकली, तुटली नाही. दुसरीही नाही. तिसरी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, जुनी, लाखेची होती. ती फुटली. मग त्याने लाखेच्याच निवडल्या.

४. अकरा फुटल्या. नववीच्या धारेने माझे डावे मनगट कापले. दोन बोटे अजून वळत नाहीत.

५. आमची मुलगी इरा, वय पाच, दारात होती. "पप्पा, स्टॉप लाह!" त्याने तिला भिंतीवर ढकलले. तिचा दात पडला.

६. जाताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी गळा."

म्हणून मी, गिरिजा पद्माकर सबनीस, वय २९, टेस्ट इंजिनिअर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. कायद्याने तो शिरीषला जाईल. ते मला थांबवता येत नाही. बँकेतली माझी शिल्लक इराला.

वडिलांच्या उरलेल्या ३०१ रेकॉर्ड इराला. ते जहाजावर इंजिनिअर होते. अमेरिकेच्या बंदरांतून जुकबॉक्समधून काढून टाकलेल्या रेकॉर्ड आणत. लाखेच्या तेवढ्या कलकत्त्याच्या. मला साफ करायला देताना सांगत, "गिरजे, खरखर काढ, पण ड्रमला हात लावू नकोस." रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात.

टर्नटेबल, सुया आणि सोल्डरिंगचे सामान सहकारी रूपेशला. त्याला वापरता येते.

फुटलेल्या अकरांचे तुकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. ते शिरीषला. हाताळताना कडा जपाव्यात.

१४ ऑक्टोबरच्या रेकॉर्डिंगची फाइल वकिलांकडे आहे. उतरवायला घेतलेली रेकॉर्ड मी मध्येच थांबवत नाही. त्या दिवशी थांबवता आलीही नाही. सुई बोलणे घेत नाही, जमिनीचा हादरा घेते. गाणे दोन मिनिटे एकतीस सेकंदांत संपते. पुढे सुई शेवटच्या कोऱ्या खाचेत फिरत राहिली. त्यात मी चारदा पडले ते मोजता येते. पाचवा हादरा हलका आहे. तो इराचा. ही फाइल कोणी साफ करू नये.

इराची पालक म्हणून मी शिरीषची थोरली बहीण स्मिता हिला नेमते. याने बापाचा हक्क जात नाही. त्याने हरकत घेतली तर पालकाला कोर्टात उभे राहून बोलावे लागेल, असे वकील सांगतात.

स्मिताताई, मार्चमध्ये माझी बरगडी मोडली तेव्हा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तुम्हीच नेलेत. डॉक्टरांनी विचारले. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "शिडीवरून पडली." मी मान हलवली. ती माझी चूक. परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, "आमचे अण्णा आईला मारायचे तेव्हा मी दाराआड उभी राहून मोजायचे." तुमचे खोटे मी माफ केलेले नाही. तरी नाव तुमचेच लिहिते, कारण शिरीष फक्त तुमच्यासमोर हात खाली घेतो, आणि दाराआडून काय दिसते ते तुम्हाला सांगावे लागत नाही.

सही: गिरिजा पद्माकर सबनीस
सिंगापूर, ६ नोव्हेंबर २००६

साक्षीदार: सुबोध पाठारे, राधिका चेंबूरकर. तिघांनी एकमेकांसमोर सही केली. साक्षीदारांना यातून काही मिळत नाही.

स्मिताताईंना प्रत: पालकत्व घेणार का, आणि मार्चमध्ये शिडी नव्हती हे कोर्टात सांगणार का, ते शुक्रवार, १७ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे.