सुनंदाच्या अस्थी आणि नीरेचं पाणी

नरसिंहपूर, मंगळवार, १४ मे

आज सुनंदाच्या अस्थी नीरा नदीच्या संगमावर नेल्या. तिची तीच इच्छा होती. पण नीरेचं पाणी काळं पडलेलं, वर फेस, कडेला मेलेले मासे.

पूर्वा पायरीवरच थबकली. लेक युरोपात नद्यांच्या प्रदूषणावर काम करते. म्हणाली, "बाबा, तिकडं नदीच्या वरच्या देशात कारखान्याचं पाणी सुटलं की खालच्या देशांना लगेच कळवतात. सगळे मिळून एक नदी राखतात."

होडीवाले तात्या म्हणाले, "हितं ह्या काठाचं त्या काठाला कुणी सांगत न्हाय, बाई."

तो फेस. सारखा तो फेसच डोळ्यांपुढं येतोय.

पूर्वानं कलश छातीशी धरला. "आईला मी तिकडं नेऊ का? तिथलं पाणी स्वच्छ आहे."

"तिथं तिच्या ओळखीचं कुणी नाही गं," एवढंच म्हणालो. तिच्याकडून कलश घेतला, हातानं फेस बाजूला सारला आणि सुनंदाला सोडलं. पूर्वा हुंदके देत राहिली. चुकलं का माझं?

घरी आल्यावर हातांना त्या पाण्याचा वास येत होता. पूर्वा साबण घेऊन आली. म्हटलं, "राहू दे. या हातांना तुझी आई लागलीय."